थांबे कुठायत?

मी केलेला तक्ता अण्णांनी दोनदा वाचला. एकदा नुसताच, एकदा हातात पेन्सिल घेऊन. तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, पोचायची वेळ, बघायची ठिकाणं, सगळं वेगवेगळ्या रंगांत. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर अकरा रात्री, गाडी आपली आपण चालवायची, आणि मागच्या सीटवर सहा वर्षांची थोरली नि साडेतीन वर्षांचा धाकटा. मला शाबासकीची अपेक्षा होती. अण्णा म्हणाले, “थांबे कुठायत?”

“हे काय, टेकापो, क्वीन्सटाउन…”

“ते मुक्काम झाले गं. थांबे कुठायत? पोरांना लघवीला कुठं उतरवणार, खायला कुठं घालणार?”

अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हर होते, त्यातली निम्मी रातराणीवर. पासपोर्ट त्यांनी काढलेला नाही आणि न्यूझीलंडशी त्यांचा संबंध क्रिकेटपुरता. पण रस्ता म्हटला की त्यांना देश लागत नाही. त्यांनी कालनिर्णयचं जुनं पान उलटं केलं आणि माझ्या तक्त्याची चिरफाड सुरू केली. अकरा रात्रींत नऊ मुक्काम होते. क्राइस्टचर्चहून निघायचं, टेकापो, क्वीन्सटाउन, वानाका, मग हास्टच्या खिंडीतून पश्चिम किनाऱ्यावर फ्रान्झ जोसेफची हिमनदी, पुनाकाइकीचे खडक आणि आर्थर्स पासवरून परत क्राइस्टचर्च. नकाशावर फार सुंदर वर्तुळ दिसत होतं.

“म्हणजे रोज सकाळी बिऱ्हाड आवरायचं, रोज रात्री नवी खोली. पोरगं रात्री उठलं की त्याला दार कुठं नि मोरी कुठं ते कळायचं नाही.” त्यांनी पश्चिम किनारा उभ्या रेघेनं कापला. वानाका ते फ्रान्झ जोसेफ सुमारे २८५ किलोमीटर आहे, वळणावळणांचा रस्ता, अधेमधे वस्ती तुरळक. मला वाईट वाटलं. अजूनही वाटतं. पण उरलं ते बसलं: क्राइस्टचर्च दोन रात्री, टेकापो तीन, क्वीन्सटाउन दोन, ‘ते आनाऊ’ नावाच्या गावात तीन, परत क्वीन्सटाउन एक आणि तिथूनच विमान. गाडी एका गावात घ्यायची, दुसऱ्या गावात सोडायची. त्याचे थोडे जास्त पैसे लागतात, पण परतीचे जवळजवळ पाचशे किलोमीटर वाचतात.

त्याआधी सुट्टीचा घोळ होता. आपल्याकडे लांबची सहल म्हणजे मे महिना. न्यूझीलंडात तेव्हा हिवाळा दाराशी आलेला असतो. दक्षिण बेटावर पाचच्या सुमाराला अंधारतं, आणि दुपारची झोप काढून निघणाऱ्या मुलांना घेऊन अनोळखी रस्त्यावर काळोखात गाडी चालवायची वेळ येते. दिवाळीच्या सुट्टीत तिकडे वसंत. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळं एक तास पुढे करतात, त्यामुळे रात्री आठपर्यंत उजेड. एकच सांभाळायचं: ऑक्टोबरचा चौथा सोमवार त्यांचा कामगार दिन असतो. त्याला लागून आलेल्या शनिवार-रविवारी अख्खा देश फिरायला निघतो आणि खोल्या मिळत नाहीत. आम्ही लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज उरकून निघालो.

कागदपत्रांचं फार काही नाही. भारतीयांना व्हिसा लागतो, तो आधी काढायचा. वाहन परवाना इंग्रजीत असला की पर्यटकाला तिथे चालतो आणि आपल्या स्मार्ट कार्डावर मजकूर इंग्रजीतच असतो. तरीही मी आरटीओतून वर्षभराचा आंतरराष्ट्रीय परवाना काढला, कारण अण्णा म्हणाले, कागद जास्त झाला म्हणून कुणी अडवत नाही. आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं असतं, हे परदेशात गाडी चालवायला घाबरणाऱ्यांसाठी न्यूझीलंड निवडण्याचं सगळ्यांत मोठं कारण. आणखी एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते: तिथे अपघातात इजा झाली तर उपचारांच्या खर्चाचा बराचसा भार सरकारी अपघात-भरपाई योजना उचलते, पर्यटकाचासुद्धा. आजारपणाचा मात्र नाही. मुलांचा ताप, कान, पोट ही सगळी आजारपणात मोडतात, म्हणून प्रवासविमा हवाच.

खरी तयारी झाली ती सीटची. न्यूझीलंडच्या कायद्यानं सात वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलाला त्याच्या मापाच्या, प्रमाणित बालसीटमध्येच बसवावं लागतं. म्हणजे माझ्या दोन्ही मुलांना. आणि धाकट्याचा आजवरचा सगळा प्रवास झाला होता माझ्या मांडीवर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडेही चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालसीट न लावता बसवलं तर एक हजार रुपये दंड आहे, पण आपण कोण तो कायदा मोजतो! मांडीवरचं मूल सर्वांत सुरक्षित, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती अण्णांनीच मोडली. कधीकाळी त्यांनी घाटात म्हशीसाठी करकचून ब्रेक मारला तेव्हा तिसऱ्या बाकावरच्या बाईच्या हातातलं बाळ त्यांच्या सीटमागच्या जाळीवर येऊन आदळलं होतं. बाळ वाचलं. “बाईनं धरलेलं होतं बरं का, घट्ट धरलेलं,” एवढंच अण्णा म्हणाले. गाडी थांबते, मूल थांबत नाही, आणि त्या क्षणी त्याला धरून ठेवायची ताकद कुणाच्याच हातात नसते.

एका मैत्रिणीकडून जुनी सीट उसनी आणली आणि निघायच्या दोन महिने आधी पुणे–सातारा तालीम सुरू केली. पहिल्या खेपेला धाकटा खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत अखंड रडला. दुसऱ्या खेपेला शिंदेवाडीपर्यंत. चौथ्या खेपेला त्यानं स्वतःच बकल लावून घेतलं आणि आजोबांना दाखवलं. या तालमीतून मला एक आकडा मिळाला, जो कुठल्याच नकाशात मिळाला नसता: धाकटा जागा असताना पंचावन्न मिनिटं बसतो, थोरली दीड तास. जेवून लगेच गाडीत घातलं तर दोघंही सव्वा तास झोपतात. अण्णांनी हे आकडे कालनिर्णयच्या पानावर लिहिले आणि त्यावर सगळे रस्ते मोजले. क्राइस्टचर्च ते टेकापो सुमारे २३० किलोमीटर, फोनवरचा नकाशा तीन तास दाखवतो. आमच्या हिशेबानं पाच. जेरल्डीनला जेवण आणि बाग, मग झोपेचा टप्पा, फेअर्लीला पुन्हा उतरायचं.

तालमीचा उपयोग लगेच झाला. क्राइस्टचर्चला गाडी ताब्यात घेतली तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं दोन सीटा आमच्या हातात दिल्या आणि हसून निरोप दिला. बसवून देणं त्यांच्या कामात नव्हतं. पुण्यात हे केलं नसतं तर पार्किंगमध्येच भांडण जुंपलं असतं. सीट बसवल्यावर जिथून गाडीचा पट्टा जातो तिथे धरून हलवायची. एका इंचाहून जास्त सरकली तर पुन्हा बांधायची. मुलाच्या खांद्यावरच्या पट्ट्याला चिमटीत घडी घालता आली तर तो सैल आहे. दोन सीटा लागल्या की मागे मोठ्या माणसाला जागा उरत नाही, हे तिथे लक्षात आलं. आणि दोन मोठ्या बॅगा डिकीत मावत नाहीत, हेही. आम्ही पैसे वाचवायला छोटी गाडी सांगितली होती. टपावर सामान बांधायची सोय तर नव्हती. जास्तीचे डॉलर मोजून मोठी घेतली.

मटकीची गोष्ट सांगायलाच हवी. न्यूझीलंड हा शेती आणि जंगलं जिवापाड जपणारा देश आहे. बाहेरचं बी, कीड, माती आत येऊ नये म्हणून विमानतळावर कडक तपासणी असते, आणि न सांगता जोखमीची वस्तू आणली तर जागेवर ४०० डॉलर दंड. फॉर्मवर ‘खाद्यपदार्थ आहेत’ असं खरं लिहिलं तर दंड नाही. फार तर वस्तू ठेवून घेतात. मी सगळं लिहिलं. मेतकूट, तूरडाळ, दळलेला गोडा मसाला पुढे सरकले. मग त्या गृहस्थांनी अर्धा किलो मटकीची पिशवी उजेडात धरली आणि अदबीनं विचारलं, हे दाणे पेरले तर उगवतील का? माझ्यातली गृहिणी जागी झाली. “उगवतील म्हणजे काय! रात्रभर भिजवून फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी बोटभर मोड.” नवऱ्यानं डोळे मिटून घेतले. मटकी तिथेच राहिली. राजगडावर घातलेले बूट मात्र मी घरून टूथब्रशनं घासून नेले होते. तळवे उलटे करून पाहिले आणि परत दिले.

वेळेचा फरक साडेसात तासांचा, आपण मागे. म्हणजे तिथे रात्री आठ वाजता मुलांच्या पोटात दुपारचे साडेबारा, आणि सकाळी नऊला मध्यरात्रीचा दीड. पहिल्या रात्री आमच्याकडे तीन वाजेपर्यंत सर्कस चालली. अण्णांनी पहिल्या दोन दिवसांवर ‘गाडी उभी’ असं लिहिलं होतं ते म्हणूनच. दोन विमानं बदलून, रात्र जागून आलेल्या माणसानं लगेच स्टिअरिंग धरू नये. एसटीतही सलग ड्यूटीनंतर विश्रांती असते. त्या दिवसांत आम्ही मार्गारेट माही मैदानावर पडून होतो. मुलांसाठी लिहिणाऱ्या लेखिकेच्या नावाचं हे मैदान. २०११ च्या भूकंपानं शहराचा मध्यभाग मोडल्यावर उभारणीत ते बांधलं आणि २०१५ च्या डिसेंबरात खुलं केलं. टेकडीवरच्या घसरगुंड्या, पाण्याचे खेळ, तिकीट नाही. धाकट्यानं घसरगुंडी एकोणचाळीस वेळा केली. मी मोजत होते, कारण जागं राहायला काहीतरी हवं होतं.

टेकापोला हे जागरण कामी आलं. हा भाग २०१२ पासून ‘काळोख्या आकाशाचं’ राखीव क्षेत्र आहे, दिव्यांवर बंधनं आहेत. लहान मुलांचे आईबाप एरवी आकाशदर्शन विसरतात, कारण अंधार पडतो साडेनवानंतर. आमची मुलं मध्यरात्री टक्क जागी. दुलया गुंडाळून दोघांना बाहेर नेलं. पूर्वेला मृग नक्षत्र नुकतं वर आलं होतं आणि ते उलटं होतं. सिंहगडाच्या पायथ्याशी दाखवलेलं मृग थोरलीला पाठ होतं, तिनं मान वाकडी करत करत शेवटी ओणवं होऊन पायांमधून बघितलं आणि म्हणाली, “आता बरोबर आहे.”

टेकापोच्या तळ्याचा रंग कृत्रिम वाटावा इतका निळा असतो. हिमनद्या खडक दळतात, ते पीठ पाण्यात तरंगत राहतं आणि त्यावर पडलेला उजेड तसा परततो. माझ्या तक्त्यात त्या दिवशी चार ठिकाणं होती. मुलांनी तळ्याच्या काठी दोन तास पाण्यात दगड मारले आणि हलायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी आओराकी, म्हणजे माउंट कुक पाहिला. ३,७२४ मीटर, देशातलं सर्वांत उंच शिखर. थोरलीला आठवतात ते दगड.

जेवणाचा हिशेब मोटेलनं सोडवला. तिथल्या मोटेलच्या खोल्यांत बहुतेकदा शेगडी, भांडी, फ्रीज असतो. छोट्या गावांत हॉटेलची स्वयंपाकघरं दुपारी अडीच-तीनला बंद होतात आणि आपल्या मुलांना भूक लागते चारला. सकाळी कुकर लावायचा, दहीभात नि बटाट्याची भाजी डब्यात. रस्त्यावर प्रत्येक लहानशा गावात सार्वजनिक स्वच्छतागृह होतं, फुकट आणि कोरडं. याबद्दल त्या देशाचा मी जेवढा हेवा केला तेवढा डोंगरांबद्दल केला नाही.

टेकापो ते क्वीन्सटाउन सुरळीत पार पडलं. क्रॉमवेलला रस्त्याकडेला फळांचं राक्षसी शिल्प आहे, त्यानं पंधरा मिनिटं दिली. पुढच्या टप्प्यात मात्र मी माती खाल्ली. क्वीन्सटाउनहून निघाल्यावर वाकाटिपू तळ्याच्या कडेनं डेव्हिल्स स्टेअरकेस नावाचा वळणांचा पट्टा लागतो. शांतता हवी म्हणून मी थोरलीच्या हातात टॅबलेट दिला. दहाव्या मिनिटाला ती म्हणाली, “आई, तोंडात पाणी येतंय.” अकराव्या मिनिटाला दहीभात. डोळे स्थिर पडद्यावर आणि कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगतेय की आपण डुलतोय. या दोन निरोपांचा मेळ बसला नाही की पोट उलटतं. लांब डोंगराकडे बघायला लावणं, खिडकी फटभर उघडणं, अर्धपोटी ठेवणं, हे मला माहीत होतं. आमच्या लहानपणी महाबळेश्वरच्या गाडीत अण्णा आम्हाला पुढच्या बाकावर बसवायचे ते त्यासाठीच. सीटचं कापड काढून किंग्स्टनच्या नळाखाली धुतलं. पट्टे भिजवायचे नसतात, पुसायचे असतात, ही सूचना नंतर वाचली.

दक्षिण बेटावर एकेरी पूल पुष्कळ. एका वेळी एकच गाडी जाते. अलीकडे पाटी असते, दोन बाण: ज्याचा बाण लहान आणि लाल त्यानं थांबायचं, मोठा बाण असेल त्यानं आधी जायचं. पोलीस नाही, सिग्नल नाही, हॉर्न नाही. समोरचा थांबतो, आपण हात दाखवतो, जातो. पाटी दिसली की मागून आवाज यायचा, “लाल कुणाचा?” दोघांना टॅबलेटची आठवण राहिली नाही.

ते आनाऊला तीन रात्री कशाला, यावरून आमच्या घरात वाद झाला होता. तिथून मिलफर्ड साउंडच्या खाडीत बोटीनं फिरायला जायचं नि यायचं, एका बाजूनं १२० किलोमीटर, पुणे–साताऱ्याहून थोडंसंच जास्त. दोन रात्री बास, असं नवऱ्याचं म्हणणं. अण्णांनी पानावर तिसऱ्या दिवसापुढे ‘स्पेअर’ लिहिलं होतं. डेपोत एक गाडी नेहमी स्पेअर ठेवतात, तसं.

सकाळी डबे भरून बसलो तर रस्ता बंद. वरच्या कड्यांवर वसंतातही बर्फ साचलेला असतो, पावसानं तो सुटतो. धोका वाढला की रस्ता बंद करतात आणि हेलिकॉप्टरमधून स्फोटकं टाकून तो बर्फ मुद्दाम पाडून घेतात. आंबेनळी घाटात दरड यायची वाट बघण्याऐवजी आधीच पाडून टाकावी, तसं. ज्यांची एकच रात्र होती ती माणसं मोटेलच्या अंगणात फोनवर हुज्जत घालत होती. आमचं बोटीचं तिकीट दुसऱ्या दिवशी सरकलं आणि आम्ही डबे घेऊन तळ्याकाठच्या पक्षी-आश्रयस्थानात गेलो. तिथे टाकाहे आहे: कोंबडीएवढा, निळाजांभळा, उडता न येणारा पक्षी. नामशेष झाला असं लोक धरून चालले होते. १९४८ साली याच तळ्यापलीकडच्या डोंगरात तो जिवंत सापडला. धाकट्यानं कुंपणापाशी बसून त्याला दहीभाताची चौकशी केली. द्यायचं नसतं, म्हणून स्वतः खाल्ला.

दुसऱ्या दिवशी रस्ता उघडला. ते आनाऊलाच टाकी भरून घेतली. पुढे फोनला रेंज नाही, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेवला. होमर बोगद्याच्या तोंडाशी सिग्नलला थांबलो. सव्वा किलोमीटरचा हा बोगदा १९३५ साली खणायला घेतला आणि १९५० च्या दशकात खुला झाला. आत तो मिलफर्डच्या बाजूला चांगलाच उतरता आहे आणि अरुंद आहे, म्हणून एका वेळी एकाच दिशेनं सोडतात. मी घड्याळ बघत होते, इतक्यात गाडीच्या टपावर धप्प. केआ. हिरवट, वाकड्या चोचीचा, डोंगरी पोपट. तो पुढच्या काचेवर घसरत आला, वायपरचं रबर चोचीत धरलं आणि नाडी ओढावी तसं ओढायला लागला. दुसरा आला, त्यानं दाराच्या रबराला हात घातला. मुलं किंचाळत होती, नवरा भाड्याच्या गाडीच्या अनामत रकमेचा विचार करत होता. सिग्नल हिरवा झाला तेव्हा मागून रडं फुटलं: अजून थांबायचं.

मिलफर्डला पाऊस होता. वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून जास्त, म्हणजे महाबळेश्वरच्या तोडीचा, तेव्हा नसता तर नवल. पाऊस पडला की कड्यांवरून शेकडो धबधबे सुटतात, तो फायदाच. बोटीवर चढेपर्यंत मुरकुटांनी घोटे फोडून काढले. लांब मोजे घालायला हवे होते. दोन तासांच्या फेरीत पहिला तास धाकटा झोपला होता.

परत आल्यावर साताऱ्याला गेलो. अण्णांना कालनिर्णयचं पान परत दिलं, दह्याचे डाग पडलेलं. त्यांनी प्रत्येक थांब्यापुढे बरोबरच्या खुणा केल्या, वाकाटिपूपाशी फुली मारली, आणि स्पेअरच्या दिवसाभोवती गोल करून माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. संध्याकाळी सगळे अण्णांच्या गाडीतून शेताकडे निघालो. ओढ्यावरच्या अरुंद पुलाशी आलो तर समोरून उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या घेऊन. अण्णांनी हॉर्नवर हात ठेवला.

“आजोबा,” मागून धाकटा म्हणाला, “लाल कुणाचा?”

अण्णांनी मला विचारलं, “काय म्हणतोय?” मी सांगितलं. त्यांनी पुलाकडे पाहिलं, ट्रॅक्टरकडे पाहिलं. मग गाडी रिव्हर्सला टाकली.

“आपला,” ते म्हणाले.